टोमॅटोचें रोप : कुंडींतून वाफ्यांत

बाजारांतून हौसेनें आणलेलें टोमॅटोचें रोप सायंकाळीं परसांत लावावें, त्यास तांब्याभर पाणी घालावें, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं पाहावें तों त्यानें मान टाकलेली असावी, हा अनुभव शहरांतील पुष्कळ घरांना आलेला आहे. घरांतील मंडळी मग मातीला दोष देतात, उन्हाला दोष देतात, किंवा 'आमच्या हाताला झाड लागत नाहीं' असें म्हणून तो विषयच सोडून देतात. वास्तविक दोष बहुधा आदल्या चार आठवड्यांतील असतो. रोप जमिनींत जातें त्या दिवशीं त्याची परीक्षा होते. अभ्यास मात्र त्याआधीं कुंडींत झालेला असावा लागतो. मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात ही म्हण टोमॅटोच्या रोपास तंतोतंत लागू पडते.

टोमॅटोचें झाड मूळचें दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या मुलुखांतलें. त्याची लागवड मेक्सिकोंत रूढ झाली, व तेथील नाहुआ लोकांच्या 'टोमाट्ल' या शब्दापासून त्याचें आजचें नांव निघालें. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तें युरोपांत नेलें आणि पुढें युरोपियनांच्या बरोबर तें हिंदुस्थानांत आलें. मराठींत त्यास कोठें बेलवांगें म्हणत, कोठें भेदरें म्हणत. वांग्याशीं जोडलेलें हें नांव वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेंहि चुकीचें नाहीं. कारण टोमॅटो, वांगें, मिरची, बटाटा आणि तंबाखू हीं सारीं एकाच कुळांतील आहेत. या नात्याचा उल्लेख पुढें एका कारणासाठीं पुन्हां करावा लागेल.

रोपाच्या बाल्याचें महत्त्व किती, हें पाहावयाचें असेल तर ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड व शहापूर या दोन तालुक्यांकडे वळावें. कल्याणहून पूर्वेस निघालेला रस्ता मुरबाड, सरळगांव, टोकावडें हीं गांवें मागें टाकीत माळशेज घाटास भिडतो. घाट चढून गेलें कीं जुन्नर तालुका लागतो, आणि तेथील नारायणगांवची टोमॅटोची बाजारपेठ साऱ्या महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. घाटावर टोमॅटो हें नगदी पीक आहे. घाटाखालीं मात्र जमिनीवर पहिला हक्क भाताचा.

सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या या भागांत वर्षास सुमारें शंभर इंच पाऊस पडतो. शहापूर तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी १८९२ सालापासून मुंबईस जात आहे, आणि पुढें भातसा धरणाचें पाणीहि त्याच वाटेनें गेलें. असें असूनहि याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरच्या विहिरी फाल्गुन-चैत्रांत तळ दाखवितात आणि तेथील बायाबापड्यांना टँकरची वाट पाहात बसावें लागतें. काळ्या कातळाचा हा डोंगराळ प्रदेश पाणी पुष्कळ घेतो, पण सांठवून ठेवतो थोडें. म्हणून भात निघाल्यावर जें दुसरें पीक घ्यावयाचें, त्याच्या वांट्यास मोजकेच महिने येतात. एका बाजूस पावसाची अखेर आणि दुसऱ्या बाजूस विहिरीचा तळ. या दोहोंमधील काळांत जें फळ हातीं आलें तेंच खरें.

आतां टोमॅटोचें वेळापत्रक पाहूं गेल्यास तें असें आहे. बीं पेरल्यापासून चार ते पांच आठवड्यांत रोप लावणीस येतें. लावणीनंतर सुमारें महिन्यानें फुलें दिसूं लागतात, आणि लावणीपासून साठ ते पंचाहत्तर दिवसांत पहिलें फळ पिकतें. फुलाच्या वेळीं रात्रीची हवा पंधरा ते वीस अंश सेल्सिअस असेल तर फळधारणा उत्तम होते. दिवसाचा पारा पस्तीस अंशांच्या पुढें गेला कीं परागकण निकामी होऊं लागतात आणि फूल देठासकट गळून पडतें. म्हणजे झाडाला फुलाच्या वेळीं पौषाची थंडी हवी, आणि फळ भरण्याच्या वेळीं मुळाशीं ओल हवी.

येथें दोन शेतकऱ्यांची कल्पना करावी. पहिला भात कापतो, खाचर नांगरतो, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांतच वाफा करून बीं टाकतो. त्याची लावणी डिसेंबरच्या मध्यास होते व पहिलें फळ फेब्रुवारीच्या अखेरीस पिकतें. ऐन तोडणीच्या दिवसांत ऊन तापलेलें असतें आणि विहीर खोल गेलेली असते. दुसरा शेतकरी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत, खाचरांत भात उभें असतांनाच, घराच्या पडवींत कुंड्यांमधून बीं टाकतो. हळवें, म्हणजे लवकर तयार होणारें भात ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निघतें, जमीन मोकळी होते, आणि महिन्याच्या अखेरीस त्याचीं रोपें शेतांत उभीं राहतात. त्याचें पहिलें फळ जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यांत पिकतें. दोघांची जमीन तीच, बीं तेंच, मेहनतहि जवळजवळ तितकीच. अंतर पडलें तें दीड महिन्याचें. तो दीड महिना कुंडीनें मिळवून दिला.

यास जागा किती लागते, हा हिशेबहि श्रोत्यांनीं पाहण्यासारखा आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दोन ओळींत अडीच फूट व दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवलें, तर गुंठ्यास सुमारें २९० रोपें लागतात. तीन इंच रुंदीच्या लहान कुंड्या एकमेकींस चिकटवून मांडल्या, तर सहा फूट लांब व तीन फूट रुंद अशा खाटेएवढ्या जागेंत २८८ कुंड्या मावतात. थोडक्यांत, गुंठाभर शेताचें बाळपण एका खाटेवर जातें. शेवटच्या दहा दिवसांत पानांना पान लागूं नये म्हणून जागा दुप्पट करावी लागते, इतकेंच. बीं म्हणावें तर टोमॅटोच्या एका ग्रॅममध्यें अडीचशें ते तीनशें बिया असतात. मर, तूट धरून दीड ग्रॅम बीं पुरेसें होतें. आणि या साऱ्या रोपांना दिवसास बादलीभर पाणी पुरतें.

भात निघाल्यावर या भागांतील कित्येक कातकरी व ठाकूर कुटुंबें वीटभट्टीच्या कामासाठीं घरदार सोडून जातात. एका गुंठ्याच्या टोमॅटोनें तें जाणें थांबेल असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि घराजवळ हाताला काम असणें आणि आठवड्याच्या बाजाराला नेण्यासाठीं टोपलीभर माल असणें, ही अशा घरांत लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच कुंडींतील रोप मेलें तर केवळ हौस मेली असें तेथें होत नाहीं, हंगामच हुकतो.

रोप तयार करण्याची विद्या मुरबाडकरांना नवी नाहीं. भाताचें रोप, ज्यास या बाजूस आवण म्हणतात, तें करण्यासाठीं पिढ्यान् पिढ्या येथें राब भाजण्याची चाल आहे. उन्हाळ्यांत निवडक जागेवर शेण, झाडांचा पाला, गवत असे थर देऊन वर बारीक माती पसरतात, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनें धुमसत जाईल अशा बेतानें तो ढीग पेटवितात. पाऊस पडला कीं त्याच भाजलेल्या जागेंत भात पेरतात. या राबावर लोकांचें जीवन इतकें अवलंबून होतें, कीं १८८५ सालीं मुंबई सरकारनें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांविषयीं चौकशी मंडळ नेमलें, तेव्हां राबासाठीं झाडांचा पाला तोडण्याचा प्रश्न हा त्याच्यापुढील एक मुख्य प्रश्न होता. पुढें १९१२ सालीं पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राब पद्धतीवर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला.

राबाचा गुण राखेंत आहे, तसाच तो उष्णतेंतहि आहे. माती भाजली म्हणजे तणाचें बीं मरतें, रोपांना मारणाऱ्या बुरशींचा नाश होतो, आणि मातींतील अन्नद्रव्यें कोवळ्या मुळांना सहज मिळूं लागतात. कुंडींत टोमॅटोचें बीं टाकणाऱ्यानें यांतून घ्यावयाचा धडा हाच, कीं बाळमुळांना पहिली माती स्वच्छ मिळाली पाहिजे. त्यासाठीं झाडें तोडण्याची गरज नाहीं. वैशाखाच्या उन्हांत ओलसर माती पातळ पसरून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घालावा, कडा मातीनें दाबाव्या, आणि चार ते सहा आठवडे तसेंच राहूं द्यावें. कागदाखालीं कोंडलेली उष्णता राबाचें काम पुष्कळ अंशीं करते. ही माती पावसाळाभर पोत्यांत कोरडी ठेवावी. शहरांतील घरांत दहा-वीस कुंड्यांपुरती माती हवी असेल, तर तिच्यावर उकळतें पाणी ओतून व नंतर ती उन्हांत वाळवूनहि चालते.

कुंडींतील मिश्रण भुसभुशीत असावें. दोन भाग अशी स्वच्छ केलेली माती, एक भाग चाळलेलें, पूर्ण कुजलेलें शेणखत आणि एक भाग वाळू किंवा भाताचा जुना तूस, एवढ्यानें काम भागतें. शेणखत कच्चें असूं नये. तें कुजतांना तापतें व कोवळीं मुळें करपतात. ओंजळभर ओलसर मिश्रण मुठींत दाबून सोडावें. गोळा होऊन बोटाच्या धक्क्यानें तो फुटला, तर मिश्रण बरोबर जमलें. गोळा तसाच राहिला तर वाळू कमी आहे, आणि गोळा झालाच नाहीं तर माती कमी आहे, असें समजावें. ट्रायकोडर्मा नांवाची उपकारक बुरशी आतां शेतकी दुकानांत मिळते. ती शेणखतांत मिसळली असतां रोगट बुरशींस आळा बसतो.

कुंडी कसलीहि चालते. खापराची असल्यास उत्तम, पण ती लौकर सुकते हें ध्यानांत ठेवावें. नारळाची करवंटी, वर्तमानपत्राच्या कागदाची दुहेरी पुडी, किंवा पळसाच्या पानांचा द्रोण यांचाहि उपयोग होतो. कागदाचा व पानांचा विशेष असा, कीं रोप त्यांच्यासकट जमिनींत लावतां येतें. द्रोण कुजून जातो आणि मुळांस धक्का बसत नाहीं. रोपवाटिकांतून आतां खणाखणांचे प्लॅस्टिक ट्रे व नारळाच्या काथ्याचा भुसा वापरतात. त्यामागील तत्त्व हेंच आहे. मात्र पात्र कोणतेंहि असो, त्याच्या तळास भोंक हवें. टोमॅटोच्या मुळांना पाणी लागतें तितकीच हवाहि लागते, आणि सांचलेल्या पाण्यांत हवा नसते.

बीं निवडतांना एक गोष्ट पाहावी. संकरित बियांचीं फळें भरघोस येतात, परंतु त्यांचें घरीं धरलेलें बीं पुढल्या वर्षीं तसेंच उतरत नाहीं. पुसा रूबी, किंवा राहुरीच्या कृषि विद्यापीठाच्या भाग्यश्री व धनश्री यांसारख्या सरळ जातींचें बीं मात्र घरीं धरतां येतें. त्यासाठीं निरोगी झाडाचें पूर्ण पिकलेलें फळ घेऊन त्याचा गर भांड्यांत दोन दिवस आंबूं द्यावा. बियांभोंवतीं जो बुळबुळीत थर असतो तो बियांना फळांतच उगवूं देत नाहीं. आंबल्यानें तो सुटतो. मग बीं स्वच्छ धुवून सावलींत वाळवावें. कोरड्या जागीं ठेविलेलें असें बीं तीन-चार वर्षें टिकतें.

पेरणी हस्त नक्षत्राच्या आगेमागें करावी. प्रथम एका पसरट कुंडींत किंवा खोक्यांत बोटभर अंतरावर रेघा ओढून अर्धा इंच अंतरानें एकेक बीं टाकावें, आणि वर पाव इंचाहून अधिक माती घालूं नये. हवा पंचवीस अंशांच्या सुमारास असेल तर पांच ते आठ दिवसांत अंकुर वर येतो. या दिवसांत दुपारनंतर विजांसह पाऊस कोसळतो, आणि उघड्या वाफ्यांतील कोवळीं रोपें त्या सरीखालीं झोपतात. कुंडीचा मोठा गुण येथें दिसतो. ढग आले कीं ती उचलून पडवींत घेतां येते.

अंकुर आल्यावर पहिला घातक शत्रू येतो तो रोपमरीचा. सकाळीं उभें असलेलें रोप सायंकाळीं जमिनीलगत पिचून आडवें होतें. हें काम मातींतील बुरशीचें, आणि तिला आमंत्रण बहुधा माळ्याच्या मायेनें मिळालेलें असतें. दाट पेरलेलें बीं, दिवसांतून तीनदां घातलेलें पाणी आणि कोंडलेली हवा, हीं तिचीं तीन आवडतीं स्थानें. म्हणून बीं विरळ पेरावें आणि पाणी सकाळींच द्यावें, म्हणजे रात्रीपूर्वीं मातीचा पृष्ठभाग सुकतो. बोट मातींत पेरभर घालून पाहावें. ओल लागली तर त्या दिवशीं पाणी देऊं नये.

रोपमरींतून वांचलेल्या रोपांना दुसरें भय असतें तें उंचीचें. घरांतील मंडळींना भराभर वाढणारें रोप पाहून आनंद होतो. वास्तविक अंधाऱ्या खोलींत किंवा खिडकीच्या आड ठेविलेलें रोप उजेडाच्या शोधांत ताणलें जात असतें. त्याचें खोड दोऱ्यासारखें बारीक, रंग फिकट व पानें दूर दूर असतात. तें बाहेर गेलें कीं पहिल्याच वाऱ्यानें मोडतें. रोपांना दिवसांतून निदान सहा तास ऊन मिळालें पाहिजे. ऑक्टोबरांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळें दक्षिणेस तोंड असलेली पडवी किंवा गॅलरी या कामास सर्वांत सोईची पडते.

वाऱ्याचाहि उपयोग आहे. वाऱ्यानें हलणारें किंवा वारंवार स्पर्श होणारें रोप उंचीस कमी व खोडानें जाड होतें, असें आढळून आलें आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ मार्क जॅफी यांनीं १९७३ सालीं या गुणधर्मास शास्त्रीय नांव दिलें. रोज सकाळीं रोपांच्या शेंड्यांवरून हलक्या हातानें, किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यानें, दहा-वीस वेळां फिरविलें तरी हा परिणाम साधतो. खर्च कांहींच नाहीं, आणि लहान मुलांना देण्याजोगें हें काम आहे.

पहिलीं जोडपानें साधीं, लांबट असतात. त्यानंतर कातरलेल्या कडांचें पहिलें खरें पान दिसूं लागलें, कीं प्रत्येक रोप स्वतंत्र कुंडींत हलवावें. हलवितांना रोप पानास धरावें, खोडास धरूं नये. पान फाटलें तर दुसरें येतें, खोड दबलें तर रोप जातें. नव्या कुंडींत तें जोडपानांपर्यंत खोल लावावें. टोमॅटोच्या खोडास हा विशेष गुण आहे, कीं मातीखालीं गेलेल्या भागास नवीं मुळें फुटतात. किंचित् उंच झालेलें रोपहि त्यामुळें सुधारतां येतें.

याच सुमारास पांढरी माशी येते. ती रस शोषते तें नुकसान थोडें. पण तिच्या मार्फत पानें आकसविणारा विषाणु रोपांत शिरतो, आणि लहानपणीं लागण झालेलें झाड जन्मभर खुरटें राहतें. विषाणूवर औषध नाहीं, म्हणून माशीलाच दूर ठेवणें हा मार्ग. खाटेवरील कुंड्यांवर चार काठ्या उभारून जुनी बारीक विणीची मच्छरदाणी टाकली, तर खाटेची उपमा पूर्ण होते व रोपेंहि सुरक्षित राहतात. आतां त्या तंबाखूच्या नात्याची गोष्ट. तंबाखूवर पडणारा एक विषाणु टोमॅटोवरहि पडतो, आणि तो वाळलेल्या तंबाखूंतहि जिवंत राहूं शकतो. म्हणून तंबाखू मळलेले किंवा विडी ओढलेले हात साबणानें धुतल्याखेरीज रोपांस लावूं नयेत. मुरबाडसारख्या भागांत हा नियम पाळवून घेणें सोपें नाहीं. परंतु एका चिमटीसाठीं रोपें गमविण्यापेक्षां तांब्याभर पाणी बरें.

आतां मुख्य गोष्टीकडे यावयाचें, ती म्हणजे रोपास काटक करणें. पडवींत वाढलेल्या रोपास दुपारचें ऊन, मोकळा वारा आणि तहान हीं ठाऊक नसतात. एकदम बाहेर नेल्यास त्याचीं पानें जितकें पाणी उडवितात तितकें मुळें पुरवूं शकत नाहींत, आणि आरंभीं वर्णिलेला मान टाकण्याचा प्रकार घडतो. म्हणून लावणीपूर्वीं दहा दिवस क्रमाक्रमानें संवय लावावी. पहिले दोन दिवस सकाळचें दोन तास ऊन द्यावें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं अकरा वाजेपर्यंत. पुढील तीन दिवस भर दुपारचे दोन तास सोडून दिवसभर. शेवटचे तीन दिवस रोपें अहोरात्र बाहेरच राहावीं. या काळांत खत बंद ठेवावें आणि पाण्याचें अंतर वाढवावें. पानें किंचित् मलूल दिसेपर्यंत थांबून मग पाणी द्यावें. असें केल्यानें पानांवरील मेणासारखा थर जाड होतो, पेशींत साखर सांठते, आणि पाणी शोधीत मुळें कुंडीभर पसरतात. अर्थात् याहि गोष्टीस मर्यादा आहे. रोज सुकूं दिलेलें रोप पिवळें पडून खुजें होतें व पुढें नीट वाढत नाहीं. शिस्त लावावी, उपासमार करूं नये.

भाताचें खाचर चिखलणीमुळें घट्ट झालेलें असतें. तें नांगरून ढेकळें फोडल्यावर उंच गादीवाफे किंवा सऱ्या कराव्या, आणि प्रत्येक रोपाच्या खड्ड्यांत ओंजळभर कुजलेलें खत घालावें. भातखाचराचा एक फायदाहि आहे: चार महिने पाण्याखालीं राहिलेल्या मातींत मुळांस गांठी आणणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव कमी असतो. ज्या परसांत आदल्या हंगामांत वांगीं, मिरच्या किंवा बटाटे झाले असतील, तेथें मात्र टोमॅटो लावूं नये. भावंडांचे रोग भावंडांस लागतात.

लावणीसाठीं सायंकाळ निवडावी. दोन तास आधीं कुंड्यांना भरपूर पाणी द्यावें, म्हणजे मातीचा गड्डा न फुटतां सुटतो. रोप खालच्या पानांपर्यंत खोल लावावें, भोंवतालची माती हातानें दाबावी आणि लगेच पाणी द्यावें. पहिले दोन-तीन दिवस पश्चिमेच्या बाजूस सागाचें एक पान खोंचून ठेविलें, तर उतरत्या दुपारचें ऊन अडतें. आठवड्यानें मुळाशीं भाताचा पेंढा पसरावा. तो ओल धरतो, आणि पाणी घालतांना मातीचे शिंतोडे पानांवर उडूं देत नाहीं. पुढें झाड फुटभर झालें कीं कारवीच्या काठीचा आधार द्यावा.

कल्याण-ठाण्याच्या किंवा मुंबईच्या बिऱ्हाडांत शेत नाहीं. तेथें मोकळ्या जमिनीच्या जागीं गच्चीवरील फूटभर खोल व तितकीच रुंद कुंडी येते. बाकीचे नियम तसेच लागू आहेत. ज्यांना बीं पेरण्यास सवड नाहीं त्यांनीं विकतचें रोप घेतांना परीक्षा करून घ्यावें. चांगलें रोप वीतभरापेक्षां उंच नसावें. त्याला चार-पांच खरीं पानें असावीं, खोड पेन्सिलीसारखें ताठ असावें, रंग गडद हिरवा असावा. फुलें आलेलें रोप विक्रेता कौतुकानें दाखवितो. तें घेऊं नये, कारण लहान कुंडींत अडकल्यामुळें त्यास अकालीं प्रौढपण आलेलें असतें. शक्य असल्यास कुंडी उलटी करून मुळें पाहावीं. तीं पांढरीं असलीं तर रोप निरोगी. तपकिरी व गुंडाळलेलीं असलीं तर तें परत करावें. आणि घरीं आणलेलें रोप त्याच सायंकाळीं लावण्याची घाई न करतां, चार-सहा दिवस वरीलप्रमाणें उन्हावाऱ्याची संवय लावून मग लावावें.

मुरबाडची शेतकरीण आषाढांत भाताचें आवण उपटून चिखलांत लावते, तेव्हां राबांत रोप कसें झालें आहे हें तिला त्याच्या बुंध्यावरूनच कळतें. हातानें दाबून ती तें ओळखते. टोमॅटोच्या रोपासहि तीच कसोटी लावावी. येत्या हस्ताच्या पावसांत, खाचरांत भात पिवळें होऊं लागेल तेव्हां, पडवींत एक खाट मोकळी करावी. पौषांत म्हशाच्या जत्रेला गाड्या निघतील त्या सुमारास, तिच्यावर वाढलेल्या रोपांचीं पहिलीं फळें रंग धरूं लागलेलीं असतील, आणि विहिरींत अद्याप पाणी असेल.